पूर्वरंगाविना आख्यान : ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’चे एक परीक्षण

कीर्तनाचे दोन भाग असतात हे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. पूर्वरंगात बुवा एखादे पद घेऊन त्यातील सिद्धान्ताचा ऊहापोह करतात. मध्यंतरी नामगजर होतो, बुक्का लागतो, आणि मग उत्तररंगात त्याच सिद्धान्ताच्या पुष्टीसाठी आख्यान लावले जाते. गोव्यातील देवळाचा सभामंडप असो की बडोद्याचे विठ्ठलमंदिर असो, श्रोत्यांपैकी पुष्कळजण आख्यानाच्या वेळेलाच येऊन बसतात, आणि त्यात त्यांचा दोष आहे असेही नाही. आख्यानात रस असतो, विनोद असतो, गाणे असते. पण मुरलेला श्रोता जाणतो की, पूर्वरंग ऐकल्यावाचून आख्यान ही केवळ एक गोष्ट राहते. तिच्यातून काय घ्यावयाचे ते हाती लागत नाही. श्री. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाविषयी आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते थोडक्यात हेच. आख्यान उत्तम वठले आहे. पूर्वरंग मात्र गाळला गेला आहे, आणि त्या पूर्वरंगाचा मोठा भाग आमच्या बडोद्यात घडला होता.

हा चित्रपट २००९ मध्ये तयार झाला व जानेवारी २०१० मध्ये चित्रगृहांत आला. ‘श्वास’नंतर ऑस्कर पारितोषिकासाठी भारतातर्फे पाठविला गेलेला हा दुसरा मराठी चित्रपट होय. मोकाशी हे रंगभूमीवरून आलेले. चित्रपट त्यांचा पहिलाच. दादासाहेब फाळक्यांची भूमिका श्री. नंदू माधव यांची, सरस्वतीबाईंची भूमिका श्रीमती विभावरी देशपांडे यांची. छापखान्याच्या व्यवसायातून बाहेर पडलेले, जादूचे प्रयोग करणारे फाळके आपल्याला प्रथम भेटतात. १९११ मध्ये ते हलती चित्रे पाहतात आणि त्या वेडाने झपाटतात. तेथून १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत व त्यानंतरच्या विलायतेच्या फेरीपर्यंत कथा जाते.

इतक्या वर्षांनी या चित्रपटाचे परीक्षण कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, हा चित्रपट आता घरोघरी मुलांना उपदेशाचा पाठ म्हणून दाखविला जातो. अडचणींवर मात कशी करावी, अंगीकारलेले मोठे काम मध्येच अडले असता खचून न जाता ते कसे पुढे न्यावे, हे यातून शिकावे असे पालक म्हणतात. चित्रपटाकडून करमणुकीपेक्षा अधिक काही मागितले जात असेल तर ते मागणे तो कितपत पुरवितो, हे पाहणे टीकाकाराचे काम आहे.

प्रथम गुण सांगितले पाहिजेत, आणि ते थोडे नाहीत. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने या विषयाचे करुणरसात लोणचे घातले असते. आंधळेपणाच्या भीतीने डोळे चोळणारा नायक, कोपऱ्यात पदर डोळ्याला लावून उभी असलेली पत्नी, पार्श्वभूमीला सारंगी, हे सारे आयते तयार होते. मोकाशींनी ते निग्रहाने टाळले. घरातील चीजवस्तू विकल्या जातात ते प्रसंगही येथे हसतखेळत येतात. स्त्रीपात्रासाठी स्त्री मिळत नाही, म्हणून पुरुषाला लुगडे नेसवावे लागते. तर तो पुरुष वडील हयात असता मिशी कशी काढू, असा धर्मसंकटाचा प्रश्न पुढे ठेवतो. चित्रपटात काम करतो असे म्हटल्यास समाजात नाव जाते, म्हणून नटांनी आपण ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरी’त नोकरीला आहोत असे सांगावे, ही तोड निघते. चित्रपटाचे नाव त्यावरूनच आले आहे.

हा विनोद प्रेक्षकांना गुदगुल्या करण्यासाठी घातलेला नाही. त्यामागे एक निश्चित दृष्टी आहे. मोकाशींच्या फाळक्यांना संकट आले की ते आकाशाकडे पाहून ‘माझ्याच नशिबी का’ असे विचारीत नाहीत. ते त्या संकटाचे तुकडे पाडतात, आणि त्यांतला कोणता तुकडा आज, आपल्या हाताने, सुटण्याजोगा आहे तेवढे पाहतात. स्त्री मिळत नाही, तर साळुंके नावाचा एका उपाहारगृहातला स्वयंपाकी तारामती होईल. पुढे ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, पण त्या येईतोवर काम थांबले नाही. नंदू माधव यांनी ही वृत्ती कोठेही भाषणबाजी न करता, केवळ चालण्याच्या लगबगीतून व डोळ्यांतील मिस्कीलपणातून उभी केली आहे. अशी संयत भूमिका मराठी पडद्यावर क्वचितच पाहावयास मिळते.

याच दृष्टीचा परिपाक म्हणजे वाटाण्याच्या अंकुराचा प्रसंग. १९१२ च्या आरंभी फाळके लंडनला गेले, ‘बायोस्कोप’ नियतकालिकाच्या संपादकांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि एप्रिलमध्ये ते परत आले. यंत्र आले, विद्या आली, पण पैसा संपला. अशा वेळी पुराणकथेवर मोठा चित्रपट काढण्याचा आराखडा घेऊन ते सावकारांच्या दारोदार हिंडले असते तर फारसे कोणी उभे केले नसते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, आणि कॅमेरा एका जागी रोवून सुमारे महिनाभर ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. त्यातून क्षणार्धात मातीतून वर येणारा, पाने फोडणारा अंकुर पडद्यावर दिसला. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांच्यासारख्यांनी तो पाहिला, आणि मग भांडवलाची वाट मोकळी झाली.

वकिलीच्या धंद्यात आम्ही कर्जाचे कागद पुष्कळ पाहतो. सावकार उत्साहावर कर्ज देत नाही, पुराव्यावर देतो. मोठे काम अडले असता त्याच जातीचे लहान काम हाती घ्यावे आणि ते मात्र पूर्ण करून दाखवावे, हा त्या अंकुराचा अर्थ आहे. अर्धवट राजवाड्यापेक्षा पुरी झालेली झोपडी अधिक विश्वास निर्माण करते. चित्रपटाने हा प्रसंग त्याच्या योग्यतेप्रमाणे खुलविला आहे, आणि तरुणांनी यातून काही घ्यावयाचे असेल तर ते येथून घ्यावे.

आता गाळलेल्या पूर्वरंगाकडे वळू.

फाळक्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले आणि तेथून वडीलभावाबरोबर बडोद्यास आले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये येथे कलाभवन स्थापिले. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र विद्याशाखेच्या रूपाने ते चालू आहे. या कलाभवनात फाळके तैलचित्रे व जलरंग शिकले, मूर्तीचे नमुने घडविणे शिकले, छायाचित्रणाची दीक्षाही त्यांना येथेच मिळाली. गज्जरांनी आपल्या या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा व छायाचित्रगृह वापरण्यास मोकळीक दिली होती. १८९२ मध्ये अहमदाबादच्या प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळाले.

इतका गुणी मनुष्य, तरी संसार स्थिरावेना. ते गोध्र्यास गेले, तेथे छायाचित्रकार म्हणून दुकान मांडले. १९०० च्या प्लेगात तेथेच त्यांची पहिली पत्नी व मूल गेले. ते बडोद्यास परतले आणि पुन्हा छायाचित्रणाचा धंदा सुरू केला. पण कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो अशी समजूत लोकांत पसरली होती आणि धंदा बसला. मग नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले, आणि आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोगही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पुढे पुराणवस्तू खात्यातील नोकरी, तिचा राजीनामा, लोणावळ्याचा व मग दादरचा छापखाना, यंत्रांसाठी जर्मनीची वारी, भागीदारांशी मतभेद आणि त्या धंद्यातूनही बाहेर पडणे. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ सुरू होते ती इतके सारे होऊन गेल्यावर.

१९१३ वरून मागे पाहिले म्हणजे या प्रत्येक मोडलेल्या धंद्याने काहीतरी हाती ठेवले असे दिसते. पडदे रंगविण्याने देखावे आले, जादूने पडद्यावरील चमत्कार आले, छापखान्याने रसायनांची व काचेची ओळख दिली, नाट्यगृहाच्या प्रतिकृतीने रंगमंचाच्या मापाची नजर दिली. हे म्हणणे खोटे नाही. परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गोध्र्याचा प्लेग हा कोणत्याही चित्रपटाची पूर्वतयारी नव्हता. तीस वर्षांच्या वयात पत्नी व मूल गमावून बडोद्यास परत आलेल्या माणसाला आपले नाव पुढे एखाद्या राष्ट्रीय पुरस्काराला दिले जाणार आहे हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी त्याने ते दुःख हलके झाले नसते. कसब उपयोगी पडते, शोक उपयोगी पडत नाही. आपत्तीचा गौरव करणाऱ्या लेखकांनी व वक्त्यांनी हा भेद विसरू नये.

हा पूर्वरंग गाळल्यामुळे चित्रपटाचे काय बिघडले? दिग्दर्शकाने कोठून आरंभ करावा हा त्याचा अधिकार आहे. नायकाच्या जन्मापासून सुरुवात करा असे आम्ही म्हणणार नाही. पण आरंभ १९११ मध्ये ठेवल्याने फाळक्यांचे हसणे हा त्यांचा जन्मस्वभाव वाटू लागतो. काही माणसे उपजतच आनंदी असतात, त्यांना घरातील कपाट गेल्याचे काही वाटत नाही, असा प्रेक्षकाचा ग्रह होतो. वस्तुतः ज्याने गोध्रे पाहिले त्याला कपाट जाण्याचे हसू येणे शक्य होते. ते हसणे कमावलेले होते. जन्मस्वभाव शिकता येत नाही. कमावलेली गोष्ट शिकता येते. ज्या उपदेशासाठी पालक हा चित्रपट दाखवितात, तो उपदेश नेमका या ठिकाणी निसटतो. गोध्र्याचा एखादा उल्लेख, घरातील भिंतीवरचे एखादे जुने छायाचित्र, एवढ्यानेही हे काम भागले असते, आणि विनोदाला तिळमात्र बाध न येता त्याला खोली आली असती.

दुसरा मुद्दा हिशेबाचा आहे, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘राजा हरिश्चंद्र’ हे फाळक्यांचे व्यक्तिगत साहस असे आपण म्हणतो. त्याची किंमत मात्र एका व्यक्तीने दिलेली नाही. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या गेल्या, म्हणजे कर्त्या पुरुषाच्या पश्चात बायकामुलांना जो आधार होता तो गेला. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. स्वयंपाकघर नटांचे झाले. रात्री कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे, ती धुण्याचे काम याच बाईने शिकून घेतले व केले. सात-आठ वर्षांचा भालचंद्र हा रोहिदास झाला.

आपल्या धर्मशास्त्राने याचा विचार फार पूर्वी केला आहे. याज्ञवल्क्याच्या स्मृतीप्रमाणे पतीने स्त्रीधन घेतले आणि परत केले नाही तरी चालेल असे प्रसंग थोडेच आहेत : दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि अटकाव. चित्रपटनिर्मितीचा त्यांत समावेश नाही. हरिश्चंद्राचे चरित्र दाखविणे हे धर्मकार्यच होय असा युक्तिवाद एखादा वकील अवश्य करील, आणि फाळक्यांची आर्थिक स्थिती पाहता दुष्काळाचे कलमही लावून पाहील! थट्टा सोडून दिली तरी स्मृतिकाराचा आशय स्वच्छ आहे. पत्नीने आनंदाने दिले तरी ते तिचे होते, आणि ते घेतल्याची नोंद राहिली पाहिजे.

चित्रपटात ही नोंद आहे काय? सरस्वतीबाई चित्रपटभर आहेत, आणि विभावरी देशपांडे यांनी त्या अत्यंत लोभसपणे उभ्या केल्या आहेत. त्या रडूबाई नाहीत, नवऱ्याच्या वेडात त्या बरोबरीने सामील आहेत, हे दाखविण्यात चित्रपटाने त्यांच्यावर अन्याय केला नाही. उलट इतिहासाने ज्यांना मागे ठेवले त्यांना पुढे आणले. पण त्यांचा होकार दर वेळी इतका तत्पर व हसरा आहे की, त्या होकारासाठी काही खर्ची पडले असेल असा संशयही येत नाही. येथे मूळ आख्यानाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. मार्कंडेय पुराणात दक्षिणेची मुदत संपत आली असता राणी स्वतःच ‘मला विका’ असे सुचविते. होकार तेथेही आहे, किंबहुना पुढाकार आहे. परंतु ती ते अश्रूंसह म्हणते, आणि ते ऐकून राजा मूर्च्छित पडतो. कोणताही जाणता कीर्तनकार या स्थळी घाई करीत नाही. तो टाळ-मृदंग थांबवितो आणि सभेला क्षणभर त्या बाजारात उभे करतो. पुराणकाराला त्यागाचे मोल दाखवावयाचे होते म्हणून तो तेथे थांबला. मोकाशींना विनोदाची लय सांभाळावयाची होती म्हणून ते पुढे गेले. एक क्षण ते थांबले असते तर लय मोडली नसती असे आमचे मत आहे.

भालचंद्राविषयी फाळक्यांच्या चरित्रात एक हकीकत येते. चित्रीकरणाच्या दिवसांत मुलगा पडला, डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला. सोबतच्यांनी मुंबईस परत जाऊ म्हटले. फाळक्यांनी प्रथमोपचार केले, आणि मृत रोहिदासाचे दृश्य घ्यावयाचे होतेच, ते त्याच अवस्थेत घेतले. ही हकीकत निष्ठेचा परमोच्च दाखला म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती ऐकून आदर वाटतो आणि अस्वस्थताही वाटते, व दोहोंपैकी एकही भावना सोडावी असे वाटत नाही. हरिश्चंद्राच्या कथेत पुत्राचे प्रेत समोर असताना स्मशानाचा कर मागणारा राजा आपण थोर मानतो. पण त्या कथेत देव शेवटी मुलाला उठवितात. सामान्य घरात तशी हमी नसते. मोठ्या कामात विघ्न आले की ते काम करणाराच ते सोसतो असे नाही. त्याच्या शेजारी जो उभा असतो तो अनेकदा आधी सोसतो.

तिसरी गोष्ट शेवटाची. पुराणात हरिश्चंद्राला राज्य, पत्नी, पुत्र सारे परत मिळते. चित्रपटही यशाच्या शिखरावर आपला निरोप घेतो, आणि मग सारी विघ्ने ही त्या शिखराच्या पायऱ्या होती असे भासते. फाळक्यांचे आयुष्य तेथे थांबले नाही. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले, त्यांचे कौतुक झाले. पण महायुद्ध भडकले आणि भांडवलाचा झरा आटला. १९१७ च्या ‘लंका दहन’ने पुन्हा उदंड यश दिले, त्यात राम व सीता अशा दोन्ही भूमिका त्याच साळुंक्यांनी केल्या. भागीदारीत पुन्हा मतभेद झाले, फाळके काशीला निघून गेले, काही वर्षांनी परतले. बोलपट आला आणि त्यांची कला जुनी झाली. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट व अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते वारले तेव्हा त्यांच्या नावाचा बोलबाला ओसरला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला. ३७०० फुटांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चीही पहिली व शेवटची अशी दोनच रिळे आज पाहावयास मिळतात, आणि ती १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे.

हे सारे चित्रपटात यावयास हवे होते असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, विघ्न हे यशाचे आगाऊ भरलेले शुल्क आहे, पुरेसे भरले की पावती मिळतेच, अशी समजूत घेऊन कोणी चित्रगृहाबाहेर पडू नये. आमच्या कचेरीत अशी समजूत बाळगणारे तरुण येतात. घर गहाण टाकलेले असते, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम गुंतलेली असते, काम मध्येच अडलेले असते, आणि ‘फाळक्यांनीही असेच केले होते’ हा त्यांचा शेवटचा आधार असतो. त्यांस आम्ही विचारतो : तुमचा वाटाणा कोठे आहे? पुरे करून दाखविलेले असे लहानसे काय तुमच्यापाशी आहे? आणि जे गहाण टाकले ते कोणाचे होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी असते त्याचे काम बहुधा पुढे चालते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना ज्याची मान खाली जाते त्याच्याविषयी आम्हांस अधिक भरवसा वाटतो.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा मराठीतील एक निर्मळ, बुद्धिमान व मनोज्ञ चित्रपट आहे. तो पुन्हा पाहावा आणि मुलांना अवश्य दाखवावा. मात्र दाखविण्यापूर्वी पाच मिनिटे काढून त्यांना कलाभवनाची, गोध्र्याची व बडोद्यात बसलेल्या त्या छायाचित्रांच्या दुकानाची हकीकत सांगावी. आणि पाहून झाल्यावर, हा चित्रपट कोणी कोणी मिळून काढला, असे त्यांना विचारावे. उत्तरात सरस्वतीबाईंचे नाव आले तर चित्रपट त्यांना कळला असे समजावे.